सतरा पॉइंट तीन

कॉलेजात त्यांना सगळे मोलबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. एकदा पालकांच्या सभेत एका विद्यार्थिनीच्या आईने सरळ जवळ येऊन विचारलं, "मोलबाई आपणच ना? माझी मुलगी तुमच्याबद्दल फार बोलते." बिचारीला ते आडनाव वाटलं होतं. मुलगी मागे उभी राहून जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होती. बाई म्हणाल्या, "हो, मीच." त्यांना हसू आलं नाही, रागही आला नाही. दोन्हींना लागणारी ताकद आताशा दुपारनंतर उरतच नसे.

नाव पडलं त्याला कारण होतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मोलचा धडा असतो. बाकीचे शिक्षक तो धडा हळूच दुसऱ्याच्या पानात वाढायचे, आणि वाढता वाढता तो दरवर्षी बाईंच्याच पानात पडायचा. एखाद्या पदार्थाचे इतके ग्रॅम म्हणजे किती मोल, इतके मोल म्हणजे किती रेणू, मिलिग्रॅमचे ग्रॅम करा, मिलिलिटरचे लिटर करा. रंग बदलणारं द्रावण नाही, फसफसणारी परीक्षानळी नाही, नुसती आकडेमोड. मुलं कंटाळायची. बाई तर कधीच्याच कंटाळल्या होत्या. पण कंटाळा आला म्हणून त्यांनी धडा कधी उरकला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

"हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणायला गेलात," त्या सुरुवात करायच्या, "तर दुकानदार एकेक खिळा मोजून देतो का?"

"नाही मॅडम. तोलून देतो."

"का?"

"मोजत बसला तर दुकान बंद करायची वेळ येईल."

"मग एका खिळ्याचं वजन माहीत असलं, तर किलोभरात किती खिळे आले ते न मोजता कळेल की नाही? रेणूंचं तसंच. ते इतके बारीक आणि इतके पुष्कळ, की मोजायची सोय नाही. म्हणून तोलायचे, आणि तोलावरून मोजायचे. अठरा ग्रॅम पाणी तोललंत की त्यात एक मोल रेणू. एक मोल म्हणजे सहावर तेवीस शून्यं."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "पण मॅडम, एवढे मोजले कोणी?" हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि विचारणाऱ्याला दरवर्षी वाटायचं की तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. बाई दरवर्षी तितक्याच नीटपणे उत्तर द्यायच्या.

एका बाबतीत मात्र त्यांच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. उत्तराला एकक नसेल तर गुण नाही. अर्धा नाही, पाव नाही, काहीच नाही. "उत्तर पाच," असं कोणी म्हटलं की त्या खडू खाली ठेवून विचारायच्या, "पाच काय? पाच बादल्या? पाच बकऱ्या?" वर्ग हसायचा. उत्तर देणारा चडफडायचा. "मॅडम, आकडा तर बरोबर आहे ना," असं म्हणून हुज्जत घालणाऱ्यांना त्या बधल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती आणि जिन्याच्या वळणावर बाईंना आता कठड्याला धरून उभं राहावं लागे. वर्षानुवर्षं खडूची पूड आणि अमोनियाचा वास घशात गेल्यामुळे आवाज बसायचा. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे भौतिकशास्त्राचे सर म्हणायचे, "मॅडम, तुम्ही घसा गहाण ठेवलाय या कॉलेजकडे." बाई मान हलवायच्या. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा पिशवीत कोंबायच्या आणि घरी निघायच्या.

घरी त्या आणि यजमान, दोघंच. यजमान जन्मभर नकाशे काढायच्या नोकरीत होते. नद्या, रस्ते, शेतांच्या हद्दी, गावांच्या वेशी, सगळं त्यांच्या हातून कागदावर उतरलेलं. शेजारीपाजारी त्यांना नकाशेकाका म्हणायचे आणि ते त्यांना आवडायचंही. रेघेत केसाएवढी चूक झाली तर पूर्ण कागद फाडून टाकायचे, असा त्यांचा लौकिक होता. निवृत्त झाल्यावर तो काटेकोरपणा घरात शिरला. भिंतीवरची चौकट कणभर तिरकी दिसली की स्टूल घेऊन निघाले. चहाचा कप बशीच्या मधोमध नसला की आधी तो मधोमध ठेवायचे आणि मग उचलायचे.

काकांना मधुमेह होता, बऱ्याच वर्षांपासूनचा. गोळ्या चालू होत्या, रोज फेरी मारणं चालू होतं. सकाळी उठलं की बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर लावायचा आणि मशीनवरचा आकडा स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगायचा, हा नेम. बाई आत चहा गाळत असायच्या. "एकशे अठ्ठेचाळीस," बाहेरून आवाज यायचा. "बरं," आतून उत्तर जायचं. त्या दोघांमधलं दिवसाचं पहिलं बोलणं म्हणजे हे.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. डॉक्टरांनी काढून टाकायला सांगितलं होतं. काका म्हणायचे, "मला दिसतंय सगळं." दिसत नव्हतं. पेपर वाचताना तो खिडकीपाशी नेत होते, बातम्यांपैकी मथळेच वाचत होते आणि बाकीचा मजकूर आपल्या मनाने पुरा करत होते. ज्याने आयुष्यभर बारीक रेघा ओढल्या, त्याला आता रेघ दिसत नाही हे कबूल करणं त्यांना जड जात होतं. बाईंच्या हे लक्षात आलं होतं. पण एकदा बोलून, दोनदा बोलून, तिसऱ्यांदा बोलायचा त्यांना शीण आला. शहाण्या माणसाला किती वेळा सांगायचं, असं म्हणून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

मग एक दिवस जुनं मशीन काकांच्या हातून फरशीवर पडलं आणि मुकं झालं.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशात राहायची. तिने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नवीन विकत घेऊ नका. इकडे फार चांगली मिळतात. माझी मैत्रीण येतेय, तिच्याबरोबर पाठवते." मशीन आलं. बरोबर पट्ट्यांच्या डब्याच डब्या आल्या, वर्षभर पुरतील इतक्या. मशीन दिसायला देखणं होतं. गुळगुळीत, काळंभोर, तळहातात मावेल एवढं. पडदा मोठा, आकडे ठळक. काका खूश झाले. "आता कसं स्वच्छ दिसतंय," म्हणाले. "पोरीने बापाचे डोळे ओळखले."

पहिल्या सकाळी बाहेरून आवाज आला, "एकशे अठ्ठावन्न." थोडा जास्त, पण घाबरण्यासारखा नाही. "बरं," बाई म्हणाल्या. पुढच्या सकाळी एकशे चौसष्ट. मग एकशे एकसष्ट, एकशे एकाहत्तर. काकांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "उपाशीपोटी एकशे साठ म्हणजे जरा वर आहे, पण तुमच्या वयाला चालवून घेऊ. भात कमी करा. सवडीने एकदा रक्त तपासून घ्या." काकांनी भात कमी केला. रक्त तपासायची सवड काही झाली नाही. घरात रोज तपासतोच आहोत की, असा त्यांचा हिशेब.

त्या दिवसांत बाईंच्या कॉलेजात कामाचा पाऊस पडला होता. एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचे तासही बाईंकडे आले. चाचणी परीक्षा झाली, पेपरांचे दोन गठ्ठे आले. बाई घरी यायच्या, वरणभात लावायच्या, जेवताना पेंगायच्या. समोर बसलेला माणूस वाळत चालला आहे हे त्यांना दिसत होतं आणि दिसत नव्हतं. काकांची विजार कमरेत सैल झाली. बाईंना वाटलं, भात सोडला त्याचं हे फळ, बरंच झालं. काका पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवायला लागले. बाईंना वाटलं, उकाडा आहे. काका रात्री चार चार वेळा उठायला लागले. बाईंना वाटलं, वय झालं. काका दिवसभर कोचावर पडून राहायला लागले, भिंतीवरची चौकट तिरकी झाली तरी उठेनासे झाले. तेव्हा मात्र बाई म्हणाल्या, "काय हो, बरं वाटत नाही का?"

"दमल्यासारखं होतं."

"मीही दमते," बाई म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. खरं तेच त्यांनी सांगितलं. पण त्यानंतर काकांनी पुन्हा तक्रार केली नाही. नव्या चपलेचा पट्टा उजव्या पायाच्या करंगळीला घासून तिथे फोड आला होता. तोही त्यांनी सांगितला नाही. घरातल्या घरात पायमोजे घालून वावरू लागले. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "फरशी गार लागते." उकाड्याचे दिवस, आणि फरशी गार लागते. बाईंनी ऐकलं आणि पुढचा पेपर उघडला.

त्या पेपरांत अर्ध्याहून जास्त मुलांनी एककं लिहिली नव्हती. चुलीवरचं दूध उतू जावं तसा बाईंना एका सकाळी राग आला होता. कॉलेजला निघायच्या आधी उरलेले पेपर संपवायचे म्हणून त्या जेवणाच्या टेबलाशी बसून लाल पेनाने एकेका उत्तरावर काट मारत होत्या. पाच, काट. शून्य पॉइंट दोन, काट. काका समोर मशीन घेऊन बसले होते. थेंब लावून झाला होता. मशीन टुण्‌ करून वाजलं. आकडा मात्र ऐकू आला नाही.

"किती?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

काकांनी मशीन डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, तिरकं केलं. "अगं, आज नीट दिसत नाहीये. धुरकट धुरकट. तू बघ जरा."

बाईंनी एका हातात लाल पेन तसंच ठेवून दुसऱ्या हाताने मशीन घेतलं. "सतरा पॉइंट तीन," त्या म्हणाल्या.

"एकशे त्र्याहत्तर म्हण."

"सतरा पॉइंट तीन आहे."

"पॉइंट कुठून येईल? डाग असेल. पूस."

बाईंनी पदराच्या टोकाने पडदा पुसला. टिंब गेलं नाही. आकडे ठसठशीत होते आणि टिंब अगदी मोहरीएवढं, पण जागच्या जागी होतं. तेव्हा त्यांची नजर खाली गेली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, मिलिमोल प्रति लिटर.

जुनं मशीन शंभर मिलिलिटर रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगायचं. हे नवं ती मोलमध्ये सांगत होतं. ते तोलायचं, हे मोजत होतं. काही देशांत अशी पद्धत आहे, काही देशांत तशी, हे बाईंना ठाऊक होतं. एक मोल ग्लुकोज म्हणजे एकशे ऐंशी ग्रॅम, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. एक मिलिमोल म्हणजे एकशे ऐंशी मिलिग्रॅम. ते लिटरभर रक्तात. आपल्याला हवं शंभर मिलिलिटरचं, म्हणजे अठरा. सतरा पॉइंट तीन गुणिले अठरा.

कागद घ्यावा लागला नाही. तीनशे अकरा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. सुरुवातीपासूनचे आकडे त्यांच्या डोक्यात आपोआप गुणले जाऊ लागले. एकशे अठ्ठावन्न नव्हते ते, पंधरा पॉइंट आठ होते. दोनशे चौऱ्याऐंशी. एकशे चौसष्ट नव्हते, सोळा पॉइंट चार. दोनशे पंचाण्णव. रोज सकाळी बाहेरून आवाज येत होता आणि रोज सकाळी त्या "बरं" म्हणत होत्या. मशीन टेबलावर, डोळ्यांसमोर, रोज तिथेच पडलेलं असायचं. त्या त्याच्यावरची धूळ पुसायच्या, बाजूला सरकवायच्या, त्याच्या जागी ताटं मांडायच्या. एकदाही त्यांनी कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"पायमोजे काढा," बाई म्हणाल्या.

"आता पायमोज्यांचं काय मध्येच?"

"काढा म्हणते ना."

डाव्या पायाचा त्यांनी काढला. उजव्याचा काढेनात. बाई खाली बसल्या आणि तो त्यांनी स्वतः काढला. तो करंगळीला चिकटला होता. करंगळी काळीनिळी पडली होती. वास आला तेव्हा बाईंना काही विचारायचं उरलं नाही.

"दुखत नव्हतं गं," काका म्हणाले. "दुखलं असतं तर सांगितलं असतं. काहीच लागत नव्हतं."

इस्पितळात तपासणाऱ्या डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला, पाय पाहिला, आणि विचारलं, "घरी साखर तपासत नव्हता का काका?"

"रोज तपासत होतो," काका म्हणाले. आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "एकशे साठच्या आसपास असायची."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पिशवीतून मशीन काढून त्यांच्या हातात दिलं आणि सरळ सांगितलं, "हे मिलिमोलमध्ये आहे. त्यांना टिंब दिसलं नाही. मी बघितलं नाही."

डॉक्टरांनी मशीन उलटसुलट करून पाहिलं. "असा एक पेशंट मागे आला होता आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "परदेशातून आणलेलंच मशीन होतं. बरं, तुम्ही काय करता मावशी?"

बाईंना क्षणभर वाटलं, घरीच असते म्हणून सांगावं. "रसायनशास्त्र शिकवते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मशीन परत दिलं आणि पुढचा प्रश्न काकांना विचारला. ती त्यांची माणुसकी होती.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला, तेवढ्यावर निभावलं, असं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले. इन्सुलिन सुरू झालं. काका पलंगावर पडून छताकडे बघत राहायचे. बाई शेजारच्या स्टुलावर. बोलणं असं नव्हतंच. मग एका दुपारी काका छताकडेच बघत म्हणाले, "तू रसायनशास्त्राची. जन्मभर हेच शिकवलंस. तुझ्या नाही लक्षात आलं?"

बाईंना हा प्रश्न कधी ना कधी येणार हे माहीत होतं. त्याचं उत्तर त्यांनी मनात घोळवलंही होतं. पण तो आला तेव्हा त्या दुसरंच बोलल्या. "तुम्हाला दिसत नव्हतं, ते तुम्ही कुठे सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर?"

"तर मी वाचलं असतं."

"मी न सांगताही वाचता आलं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. "आलं असतं."

पलीकडच्या पलंगावरचा पेशंट कान टवकारून ऐकत होता, त्याने कूस बदलली. मग काकांनी विचारलं, "म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं तर?"

"नाही हो. मशीन रोज खरंच सांगत होतं. जुनं साखर तोलून सांगायचं, हे रेणू मोजून सांगत होतं. एवढाच फरक."

"एवढासा थेंब, आणि त्यातले रेणू मोजतं?"

"मोजतं म्हणजे, मोजल्यासारखं करतं."

"नकाशात खाली प्रमाण लिहिलेलं असतं," काका म्हणाले. "एका सेंटिमीटरला किती किलोमीटर ते. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला मी तेच दाखवायचो. आधी प्रमाण वाच, मग रस्ता बघ." त्यांनी डोळे मिटले. "मीही नाही वाचलं."

मुलगी फोनवर रडली. मीच पाठवलं, माझ्यामुळे झालं, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिची समजूत घालावी, तुझा काही दोष नाही असं सांगावं, हे बाईंना कळत होतं. पण कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या असताना त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं, रडू नकोस. मला आता ऐकवत नाही." नंतर ती महिनाभराची रजा काढून आली आणि बापाला इन्सुलिन टोचायला शिकवून गेली. मशीनचं एकक बदलता येतं का ते तिने खूप खटपट करून पाहिलं. येत नव्हतं. मग इथलंच एक साधं मशीन आणलं. जुन्यासारखंच.

बाई रजेवर होत्या तेव्हा मोलचा धडा भौतिकशास्त्राच्या सरांनी आपणहून अंगावर घेतला. "तुम्ही बिनघोर राहा मॅडम, एका तासात संपवतो," म्हणाले, आणि खरंच संपवला. बाई परत आल्या तेव्हा कळलं की वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांना मोल म्हणजे मोठा डझन वाटतो. आणि कुठल्याही पदार्थाचा मोल बारा ग्रॅमचाच असतो, अशीही बऱ्याच जणांची खात्री झाली आहे. सर ओशाळले. "मी आपलं कार्बनचं उदाहरण दिलं होतं," म्हणाले. बाईंनी खिळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली.

जिना चढताना आता त्या दोनदा थांबायच्या. शिकवताना मध्येच वाक्य विसरायच्या, खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मुलांच्या लक्षात आलं होतं. हल्ली मागच्या बाकावरची गडबड आपोआप कमी झाली होती, आणि ते बाईंना बोचायचं. मुलं कीव करतात यापेक्षा ती गोंधळ घालतात ते बरं, असं त्यांना वाटायचं.

एका तासाला त्यांनी फळ्यावर गणित घातलं. एका माणसाच्या लिटरभर रक्तात सतरा पॉइंट तीन मिलिमोल ग्लुकोज आहे. तर शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम? आणि किती रेणू?

वर्ग खाली मान घालून कामाला लागला. पुढच्या बाकावरची एक मुलगी सगळ्यांत आधी उभी राहिली. "मॅडम, तीनशे अकरा पॉइंट चार मिलिग्रॅम." एकक घातलं होतं. मग तिने रेणूंची संख्याही सांगितली, एकावर एकवीस शून्यं आणि थोडी वर. तीही बरोबर होती. ती खाली बसली नाही. "मॅडम, माझ्या आजीला शुगर आहे, म्हणून विचारते. तीनशे अकरा म्हणजे फार जास्त ना?"

"हो. फार जास्त."

"मग त्या माणसाला कळलं नाही का?"

बाईंनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला. "उशिरा कळलं," त्या म्हणाल्या. "ये इकडे. रेणूंची संख्या कशी काढलीस ते सगळ्यांना फळ्यावर करून दाखव."

मुलगी पुढे आली आणि लिहू लागली. बाई खुर्चीत बसल्या. तास चालू असताना त्या कधी बसत नसत, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

साखर आटोक्यात आल्यावर काकांनी मोतीबिंदू काढून घ्यायला स्वतःहून होकार दिला. बाईंना आग्रह करावा लागला नाही. डोळ्यावरची पट्टी काढायच्या दिवशी दवाखान्यात बरीच गर्दी होती. नंबर यायला वेळ लागला. पट्टी निघाल्यावर काकांनी आधी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. भिंतीवरचा तक्ता, दाराची कडी, टेबलावरचा पाण्याचा पेला, एकेक वस्तू निरखत राहिले. मग बाईंकडे वळले आणि बघतच राहिले.

"काय हो? दिसतंय ना?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय," काका म्हणाले. "तू इतकी थकलेली कधीपासून दिसायला लागलीस?"

बाईंना वाटलं, काहीतरी हसून टाळावं. जमलं नाही. "झाली बरीच वर्षं," त्या म्हणाल्या आणि पिशवीत औषधाची बाटली ठेवायला वाकल्या.

घरी आल्यावर काका म्हणाले, "तू जरा पड. पेपर नंतर तपास."

"स्वयंपाक व्हायचाय."

"तो होईल."

काय होईल आणि कसं होईल, ते विचारायचं त्राण बाईंना नव्हतं. त्या आतल्या खोलीत गेल्या. साडी न बदलता, वेणी न सोडता आडव्या झाल्या आणि त्यांना गाढ झोप लागली, तशी झोप त्यांना इस्पितळाच्या आधीपासून लागली नव्हती. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. घरात काहीतरी करपल्याचा वास होता.

स्वयंपाकघरात काका स्टुलावर बसले होते, उजवा पाय दुसऱ्या स्टुलावर सोडून. समोर ताटात बटाटे चिरलेले होते. एकेक फोड मापून काढावी तशी सारखी, आणि आमटीत शिजणार नाही इतकी मोठी. गॅसवरच्या भांड्यात कांदा काळा पडला होता.

"गॅस बारीक करायचा राहिला," काका म्हणाले.

"असू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी भांडं उतरवून नळाखाली धरलं, दुसरं चढवलं, आणि काकांसमोर बसून बटाट्याच्या त्या मोठ्या फोडी एकेक करून पुन्हा चिरायला घेतल्या.